गवंडीकामाचा वर्ग

गवंडीकाम शिकवणारा चांगला वर्ग शोधताना सुनेच्या पायाला भिंगरी लागली होती. जिथली फी परवडायची तिथं नुसतं फळ्यावर शिकवायचे, आणि जिथं खरोखरच्या विटा हातात द्यायचे तिथली फी ऐकूनच ती माघारी फिरायची. शेवटी दोन्ही जमणारा एक वर्ग सापडला, तर तान्ह्या बाळाला कुणाकडे ठेवायचं, असा प्रश्न पडला.

"मी येते की त्याला घेऊन," सासूबाई म्हणाल्या. "तू शिक."

मग रोज त्या वर्गाच्या शेडमध्ये कडेला, नातवाला मांडीवर घेऊन बसू लागल्या. एक दिवस बाळ रडायचं थांबेना, म्हणून सून अर्धी भिंत तशीच सोडून त्याला पाजायला आडोशाला गेली. परत येऊन बघते तर भिंत दोन थर वर चढलेली, आणि पदर खोचून सासूबाई ओळंब्याची दोरी भिंतीला लावून बघतायत. शेजारी वर्गाचे सर उभे.

सून बाळाला घेऊन लगबगीनं पुढे झाली. "सर, चुकलं त्यांचं..."

"भिंत सरळ आहे," सर म्हणाले.

सासूबाई ओशाळून हात पुसू लागल्या. "जन्मभर गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहिली गं. थापी कुणी हातात दिली नाही. समोर दिसली, राहवलं नाही."

सुनेनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सर, पुढच्या तुकडीत आईंसाठी एक जागा ठेवा," ती म्हणाली. "बाळाला घेऊन मी बसेन."