दीनानाथ आत आहेत

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या वेबसाइटचं लॉगिन मोहनानेच तयार केलं होतं. तिच्या बाबांचा, दीनानाथांचा, पासवर्ड फक्त बाबांना ठाऊक होता. त्यांच्या तेराव्यानंतरही पडद्यावर ‘दीनानाथ आत आहेत’ असं दिसत होतं.

कोणी चोर शिरला असेल म्हणून तिने त्या लॉगिनचं टोकन, म्हणजे आत राहण्याचा परवाना, रद्द केलं. नाव गेलं. लगेच नवं टोकन निघालं. कोणीतरी बरोबर पासवर्ड टाकला होता.

आता खातंच पुसायचं, म्हणजे बाबांनी लिहिलेलं सगळं जाणार. तिचं बोट माउसवर थांबलं.

बाबा लॉगआउट केल्याशिवाय जेवायला उठत नसत; आई हाका मारून थकायची.

“पान वाढलंय,” स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

मोहना ‘आले’ म्हणणार, तोच पडद्यावर उमटलं: दीनानाथ लॉगआउट झाले.

आत खुर्ची सरकली.

“आज बरे एका हाकेत आलात,” आई म्हणाली.