चढावरचा क्लच

नवरा गेल्यावर तिला रडू असं आलंच नाही. तो चालवायचा ती दारातली गाडी नुसती पडून होती, म्हणून ती चालवायला शिकू लागली, एवढंच. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते.

चढावर मास्तर म्हणाले, "ताई, क्लच झटकन सोडू नका. अर्ध्यावर गाडी थरथरते, तिथं धरा. मगच ब्रेक सोडा."

गाडी थरथरली. ब्रेक सुटला, तरी ती तसूभरही मागे सरकली नाही.

"शाब्बास! आता क्लच अलगद सोडा."

"मी तर दोन्ही पाय काढलेत," ती थंडपणे म्हणाली. "तुम्हीच धरलाय ना?"

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचेही पाय मागे, सीटपाशी होते. दोन्हीकडचे क्लच मात्र अर्ध्यावर दबलेले होते.

मग ते मुरलेल्या चालकाच्या पायानं सोडावेत तसे अलगद वर येऊ लागले, आणि गाडी चढ चढू लागली.