फक्त ज्येष्ठांसाठी

"आजी, आता उकिडवं बसायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा पडलात तर दुसरा खुबाही मोडेल."

"मग रोज सकाळी तुमच्या खुर्चीवर येऊन बसू का?" तान्हाबाईंनी विचारलं. पहिला खुबा त्यांनी वस्तीच्या सार्वजनिक शौचालयात, ओल्या फरशीवर घसरून मोडला होता.

ही गोष्ट नगरसेवकांनी मनावर घेतली. महिन्याभरात तिथं पांढराशुभ्र कमोड बसला, शेजारी धरायला दांडा आला, दारावर 'फक्त ज्येष्ठांसाठी' अशी पाटी लागली. नारळ फुटला, फीत तान्हाबाईंनीच कापली.

दुसऱ्या दिवशी त्या वॉकर टेकत आल्या, तर दाराला कुलूप.

"उघडं ठेवलं तर सगळे घाण करतील ना, आजी," नगरसेवकांचा कार्यकर्ता म्हणाला. "चावी भाऊंच्या ऑफिसात आहे. कधीही या, ऑफिस आपलंच आहे."

"कुठंशी आलं ते?"

"हे काय, समोरच. दुसऱ्या मजल्यावर."

तान्हाबाईंनी जिन्याकडे पाहिलं. मग भिंत धरून त्या जुन्याच दारातून आत गेल्या.

नव्या कमोडवर त्या आजवर एकदाच बसल्यात, उद्घाटनाच्या दिवशी, झाकण बंद ठेवून. तो फोटो नाक्यावरच्या फ्लेक्सवर आहे.