मोठी अक्षरं

पाचवीचा ऑनलाइन वर्ग सुरू झाल्यापासून त्यातली एक मुलगी सारखी म्हणायची, "बाई, अक्षरं जरा मोठी करा ना." तिचा फोन छोटा असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी अक्षरं वाढवली, मग आणखी वाढवली. शेवटी एका पानावर जेमतेम एक ओळ मावायला लागली, तेव्हा वर्गातला एक वात्रट मुलगा ओरडला, "बाई, आता समोरच्या इमारतीतले आजोबापण पाचवी पास होणार!"

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण त्यानंतर अक्षरांबद्दल तिनं ब्र काढला नाही.

बाईंना ते लागून राहिलं. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून त्यांनी शाळेतला मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर मिळवला आणि शिपाईकाकांबरोबर तिच्या घरी पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ती वर्गात येताच बाईंना राहवेना.

"काय गं, आता तरी नीट दिसतंय ना?"

"हो बाई! फार छान दिसतंय. एकेक अक्षर लख्ख!"

 

बाईंनी अजून धडा पडद्यावर लावलाच नव्हता.