गाईच्या नरड्यातली पन्नी

“देव नाही, तर धानात दाणा कोण भरते?” भय्याजीनं विचारलं. “पाणी भरते,” धर्मेंद्र सर म्हणाले. दोघंही मंदिरात महाप्रसाद जेवून आले होते. तिथलं खरकटं कोणीतरी पन्नीत बांधून फेकलं, अन् तेच गिळताना आमच्या गाईच्या नरड्यात प्लास्टिक अडकलं. आमचं घर तिच्याच दुधावर चालते. मी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. लाळ गळून राहिली होती अन् आंबलेल्या वांग्याचा वास येत होता. “जबडा धरा कोणी,” मी म्हटलं. “गोमाता आहे गा, पण माही आंघोळ झाली, सांजेची आरती बाकी आहे.” भय्याजी मागं सरकले. “मले ओकारी येते,” सर म्हणाले, “तूच सांग, देव आहे का नाही?” “मले मालूम नाही. तुमी दोघं आहात, याचीच घाण वाटते.” पन्नी हाताले लागलीच नाही, अन् गाय कोसळली. आता मलेच ढोरायच्या डॉक्टरले आणाले निघा लागते.