डोमा कोतवालाची खबर

"थांबा, अजून एक पान बघतो," भय्याजी म्हणाले आणि त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला.

सकाळपासूनचं हे कितवं 'अजून एक पान' होतं कोण जाणे! समोरच्या बाकावर सत्यभामाबाई ताठ बसून होती. वय सहासष्ट. बाजूला लेक धनीराम उभा, शहापूरच्या शाळेतला मास्तर. भंडाऱ्याच्या कचेरीतली ती रेकॉर्ड रूम. छतापर्यंत लाल कापडात बांधलेले बस्ते. आत आल्या आल्या बाईनं विचारलं होतं, "ह्या गाठोड्याइत काय हाये जी?"

"माणसं," भय्याजी म्हणाले होते. "गावोगावचं कोण कवा जन्मलं, कोण कवा मेलं, सारं."

बाईनं मुकाट्यानं चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. तेव्हापासून ती त्या बस्त्यांकडं मान वर करून बघत होती. एवढी माणसं! आणि कोणीतरी ती इतकी वर्षं जपून ठेवली होती.

तिला त्यातला एकच माणूस हवा होता. तिचा बाप. एकोणीसशे अठराची मानमोडीची साथ आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. भंडाऱ्यासमोर नदीच्या पलीकडच्या काठाला कारधा, त्याच्याही पुढं तिचं गाव, पाच कोसांवर. बाप डोमा, गावचा कोतवाल. एका रात्रीत तिची माय गेली, धाकटा भाऊ गेला. उजाडताना शेजारणीनं डोमाला काठी घेऊन नदीच्या वाटेनं जाताना पाहिलं. दुपारी तिनं घरात डोकावलं, तर दोन मढ्यांच्या बाजूला ही पोर कण्हत पडलेली! डोमा पुन्हा गावाला दिसला नाही. गाव म्हणालं, कोतवाल भिऊन पळाला, तापानं फणफणलेली पोर टाकून पळाला. मावशीनं तिला उचलून आपल्या गावी नेलं, वाढवलं. पण ते बोलणं काही तिच्या पाठीवरून उतरलं नाही. लग्न झाल्यावर तिनं नवऱ्याला पहिली गोष्ट सांगितली, त्या माणसाचं नाव माझ्या घरात काढायचं नाही. पुढं कधीच नाही काढलं. पण आता रात्री झोप लागेना. मरायच्या आधी एकदा कळायला हवं होतं, त्यानं आपल्याला का टाकलं.

रजिस्टर होतं मोडीत. धनीरामनं जन्मभर पोरांना अक्षरं शिकवली, पण त्या पानांपुढं तो आंधळाच. कचेरीत मोडी वाचणारे एकटे भय्याजी उरले होते, तेही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि ओठ हलत होते.

बोट थांबलं. "सापडला! डोमा वल्द गोमा, कोतवाल. वय तीस. ताप. मेला कारध्याच्या घाटावर. खबर देणारा, नावाडी."

"नदीच्या कोणत्या अंगाले मेला?" धनीरामनं घाईघाईनं विचारलं.

"कारध्याच्या अंगाले. नावेतून उतरला न् तिथंच पडला, असं लिहिलं हाये."

"म्हणजे भंडाऱ्याहून वापस येऊन राहिला होता! माय, तो पळाला नोहता वं!"

सत्यभामाबाईच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. "वापस आला असंल. पण गेला कायले? पोटची पोर तापात पडली न् हा चालला! एवढी कोणती घाई होती त्याले?"

भय्याजींनी तिच्याकडं पाहिलं. "बाई, तो कोतवाल होता. गावात कोणी मेलं का भंडाऱ्याच्या ठाण्यात येऊन सांगणं त्याचं काम. लिहिता येत नोहतं. नावं ध्यानात धरून न्यायची, मुन्शी लिहून घ्यायचा, हा अंगठा द्यायचा." त्यांनी हळूच एक पान मागं उलटलं. "हे घ्या. आदल्या दिवशीच आला होता तो."

पानाच्या उजव्या कडेला एकाखाली एक अंगठे होते. सगळे एकाच माणसाचे. प्रत्येकावर विळा लागल्याची तीच तिरपी चीर. भय्याजींनी मोजले. सतरा. त्यांचा आवाज आपोआप उतरला. "सतरा माणसं, गुरुजी! त्याइची नावं, त्याइच्या बापाची नावं, वयं. पाच कोस चालत, अंगात ताप, न् एक नाव चुकलं नाही."

बाई उठली. जवळ गेली. त्या चिरेकडं ती बघतच राहिली. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. आणि हा त्याचा अंगठा काल उमटल्यासारखा तिच्यापुढं होता. तिनं हात पुढं केला, पण बोट टेकवायची छाती होईना.

"माह्या मायचं नाव असंल ना यात?"

"हाये. पंधरावी ओळ. ठमी, वय पंचवीस, कोतवालाची बायको." भय्याजींचं बोट खाली सरकलं. "सोळावी, नत्थू. वय दोन. कोतवालाचा मुलगा." पुढं ते वाचेनात. त्यांनी एकवार बाईकडं पाहिलं, पुन्हा पानाकडं.

"वाचा जी."

"सतरावी..." भय्याजी उभे राहिले. "सत्यभामा. वय पाच. कोतवालाची मुलगी. मयत."

बाईनं त्या शेवटच्या अंगठ्यावर अलगद आपला अंगठा ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा मात्र हसत होता, पाच वर्षांच्या पोरीचा व्हावा तसा.

"ऐकलं का गा धनीराम?" ती म्हणाली. "माह्या बापानं मले जिती नाही टाकलं!"