अंगठ्याचं काम

“घोडा मागे ओढलाच नाही आणि नुसता चाप दाबला तर?” सुजाताने विचारलं.

“तर दाबत बसा, ताई. काही होत नाही,” निकम म्हणाले. “ह्या पिस्तुलाचं असंच आहे. आधी अंगठ्याने मागचा हा घोडा ओढायचा, मगच चापाला अर्थ.”

बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की निशाणाचे पुठ्ठे दिसेनात, त्यामुळे गोळीबार बंद होता. अजमानच्या पुढे, खाडीच्या काठावर हा नेमबाजीचा क्लब. शुक्रवारची सकाळ. धुक्यात कुठेतरी रोहित पक्षी पाण्यात उभे असणार, पण दिसत नव्हते. नुसता त्यांचा घोगरा आवाज येत होता. अशा वेळी सूर्यकांत निकमांना आपण आखातात आहोत ह्याचाच विसर पडे. धुक्याच्या पलीकडे फलटण असावं आणि हाक मारली की सुनेने चहा आणावा, असं वाटे.

निकमांची उभी हयात फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात गेली होती. आता ते इथे हौशी लोकांना नेम धरायला शिकवत. बहुतेक सगळे फोटो काढायला येत. ही सुजाता वेगळी. दुबईत अल मनखूलच्या एका क्लिनिकमध्ये नर्स होती. दर शुक्रवारी शेअर टॅक्सी करून यायची आणि एकाच पिस्तुलाबद्दल विचारत राहायची. गोळ्या फारशा झाडायचीच नाही.

नवरा वारल्यापासून तिची मुलगी दिया गुहागरकडे, सासरच्या घरी होती. वाडीपासून लांब, एकटं घर. तिथे सासऱ्यांच्या लायसन्सवरचं पिस्तूल होतं, अगदी ह्याच जातीचं, असंच मोठं. सुजाता येत्या आठवड्यात तिकडे निघाली होती. वेळ आलीच तर ते पिस्तूल कितपत कामाचं, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

“दियाला ओरखडाही उठता कामा नये,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

“घरात गडीमाणूस कोण आहे?” निकमांनी तेव्हा विचारलं होतं.

“सासरे आहेत. वय झालंय.”

म्हणजे म्हातारा, पोर आणि ही एकटी. निकमांना तिची काळजीच लागून राहिली. रात्री अजमानच्या खोलीवर डाळ फोडणीला टाकतानाही ते मनात त्या पिस्तुलाचे गुणदोष घोळवत बसत.

“घोडा आधीपासून ओढूनच ठेवला तर?” सुजाताने आता विचारलं.

“सेफ्टी लावून ठेवतात तसं. पण पोर असलेल्या घरात शहाणा माणूस ठेवत नाही.”

“आणि अंगठ्यात जोर नसेल तर?”

निकमांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. चांगला ठणठणीत होता. दिवसभर इंजेक्शनं देणारा.

“तर हे लोखंड नुसतं उशाला घेऊन झोपायचं.”

“डाव्या हाताने?”

“डाव्या हाताला तर नडतंच. सेफ्टीचा खटका बघा, उजव्या अंगठ्यासाठी बसवलाय. डावखुऱ्याला पकड बदलावी लागते. वजन हे असं. दुसऱ्या हाताचा आधार नसेल तर नळी खाली झुकते.”

“म्हणजे वेळ जातो.”

“जातोच की.”

ती हसली. निकमांना नवल वाटलं. नापास झालेल्या पोराच्या आईने पेढे वाटावेत तशी ही प्रत्येक दोषावर खुलत होती.

काउंटरवरून अन्वर ओरडला, “निकमसाब, धुंध हट रही है! यल्ला, पार्टी आएगी अभी!”

आता स्पष्ट बोलायलाच हवं होतं. निकमांनी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि पिस्तूल बुटक्या टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर ठेवलं.

“ताई, माझं ऐकाल? चीज उत्तम आहे. मुरलेल्या हाताला ह्याच्यासारखं दुसरं नाही. पण घाबरलेल्या माणसाला, एका हाताने, घरातल्या घरात? रोगापेक्षा इलाज भयंकर. माझ्याकडून नापास. तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका.”

“नाही राहणार,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “काका, तुम्ही फार मोठं काम केलंत माझं.”

“अहो, मी काय केलं? हत्यारातलं कळणारे चार लोक सांगतील तेवढंच सांगितलं.”

“एकच राहिलंय. घोडा ओढून दाखवा ना. आहे तिथेच असू दे, रिकामंच.”

निकमांनी घोडा ओढला. कट्ट असा बारीक आवाज धुक्यात विरून गेला. सुजाता टेबलाला वळसा घालून गेली आणि नळीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“ताई! तिथे नाही!” निकमांनी झटकन पिस्तुलावर पंजा ठेवला. “रिकामं असलं तरी पुढे उभं राहायचं नाही.”

“हात काढा ना, काका. दोनच मिनिटं.” निकमांनी नाइलाजाने पंजा जरा बाजूला घेतला. ती वरून, मान किंचित तिरकी करून घोड्याकडे बघत होती. “दिसतो. ओढलेला असला की मागे उठून दिसतो. आता पाडा बघू.”

निकमांनी नळी भिंतीकडे फिरवली, घोडा हळूच पाडला आणि पिस्तूल तसंच धरून ठेवलं.

“हं. आता नाही दिसत,” ती स्वतःशीच म्हणाली.

“पण तुम्हाला पुढून बघून काय करायचंय? तुम्ही मागे असणार ना?”

सुजाताने पदर खोचला, पर्स खांद्याला लावली.

“सासरे पडवीत बसतात, मांडीवर ते ठेवून. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात गेलाय, डाव्याने धरतात. दियाला न्यायला आलीस तर जिवंत परत जाणार नाहीस, म्हणतात. आणि आत जायला, काका, तेवढं एकच दार आहे.”